टेकायची जागा

महेबूबनं पत्र्याची खरवडणी भिंतीला लावली आणि पहिल्याच ओढीत तळहाताएवढा पापुद्रा सुटून गिरिजाबाईंच्या पायाशी पडला. त्यांनी तो उचलला आणि दाराच्या उजेडात धरला. कडेला रंगांचे थर दिसत होते, एकावर एक, जुन्या वाकळेच्या पदरांसारखे. वर मागच्या वर्षीचा बदामी, त्याखाली पिस्ता, त्याखाली गुलाबी आणि सगळ्यांत आत नीळ घातलेला चुना.

"ह्यो तुझ्या बापाच्या हातचा," त्या म्हणाल्या. "तू बादली धरायला यायचास. निम्मी नीळ भिंतीला अन् निम्मी तुझ्या तोंडाला."

"त्या पायी माय बदडायची मला," महेबूब हसला. "म्हणायची, भिंत रंगवायला गेलता का थोबाड?"

त्याची दाढी आता आपोआपच चुन्यात बुडवल्यासारखी झाली होती. तोंडाला रुमाल बांधून तो पुन्हा कामाला लागला. खर्र खर्र असा आवाज घरभर भरला. पांढरी धूळ उडून दारातल्या उन्हात तरंगायला लागली. गिरिजाबाई पदर नाकाला लावून उंबऱ्यावर बसून राहिल्या. दीपमालानं, त्यांच्या सुनेनं, आतून दोनदा हाक मारली, "आत्या, धुळीत कशाला बसताय? खोकला धरंल." पण त्या उठल्या नाहीत. तीन भिंतींची त्यांना काळजी नव्हती. चौथीकडं महेबूब कधी वळतो, त्यावर त्यांचा डोळा होता.

घट बसायला थोडेच दिवस राहिले होते. तुळजापूरच्या आईचा हा सगळा मुलूख. घट बसायच्या आधी येडशीतल्या घराघरांतली चिंधी न् चिंधी धुवून निघते, डबे उन्हात येतात, गोधड्या ओढ्यावर जातात आणि भिंतींवरून हात फिरतो. गिरिजाबाई लग्न होऊन स्टेशनाजवळच्या या घरात आल्या, तेव्हापासून हे कधी चुकलं नव्हतं. चुकलं ते त्यांचे मालक लिंबाजी गेले त्या वर्षी. त्या वर्षी घरात घटही बसले नाहीत, भिंतींना चुनाही लागला नाही.

मागच्या वर्षी मात्र महारुद्रानं, त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, मनावर घेतलं. तो धाराशिवला बियाण्यांच्या दुकानात कामाला. येताना तयार रंगाची बादली घेऊन आला आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच भिंतींवरून रोलर फिरवला. ना खरवडलं, ना धुतलं, ना खाली अस्तराचा हात दिला. चुन्याची जुनी भिंत म्हणजे उन्हाळ्यातलं तहानलेलं जनावर. रंगातलं सगळं पाणी तिनं पिऊन टाकलं आणि रंग वर कोरडा पडला. दिवाळीला हात लावला की पिठासारखा बोटाला यायचा. संक्रांतीपर्यंत तर पापडासारखा फुगून सुटायला लागला. रोज सकाळी दीपमाला केर काढायची तो भिंतीचाच.

आणि यंदा घाई वेगळी होती. महारुद्राची मुलगी लातूरला शिकत होती, तिला बघायला दसऱ्यानंतर सोलापूरकडचे पाहुणे यायचे होते. म्हणून महेबूबला बोलावणं गेलं. महारुद्रानं त्याला भिंती दाखवल्या आणि सांगितलं, "महेबूबभाई, तुमच्या पद्धतीनं करा. समदं खरवडा, प्रायमर लावा, काय लागंल ते आणा. पण त्यो डाग पुन्ना वर आला न्हाय पायजे."

गिरिजाबाई तेव्हा आत भाकरी थापत होत्या. त्यांच्या हातातली भाकरी परातीच्या काठावर फाटली.

*

डाग बाहेरच्या खोलीतल्या आतल्या भिंतीवर होता. खाली मांडी घालून बसलेल्या माणसाचं डोकं जिथं टेकेल, बरोबर तिथं. काळपट, तेलकट, मध्ये दाट आणि कडेला पिवळा. नवख्याला वाटलं असतं, कुणी तिथं तव्याचं बूड पुसलंय. पण तो डाग म्हणजे लिंबाजींचं डोकं होतं.

लिंबाजी स्टेशनावर भजी विकायचे. तेव्हा येडशीवरून छोटी गाडी जायची, अरुंद रुळांची. रामलिंगचा घाट चढून ती धापा टाकत यायची आणि स्टेशनावर निवांत उभी राहायची. तिच्या खिडक्या माणसाच्या छातीला लागायच्या. लिंबाजी टोपली कडेवर घेऊन डब्याडब्यापाशी उभे राहायचे. आतून हात बाहेर यायचा, बाहेरून पुडा आत जायचा, दोन शब्द बोलणं व्हायचं. "कांदा हाय का बटाटा?" "दोनी हाय, मालक, घाट चढून आलायसा, दोनी खावा." बार्शी-लातूर करणारी माणसं त्यांना नावानं ओळखायची. शेवटची गाडी गेली की ते घरी यायचे, हातपाय धुवायचे, घोंगडीवर मांडी घालायचे आणि भिंतीला डोकं टेकून एकदाच 'हां' करायचे. त्या 'हां'मध्ये दिवसभराचं उभं राहणं असायचं. डोक्याला रोज खोबरेल चोपडलेलं, त्यात कढईचा वाफारा बसलेला. भिंत ते सगळं प्यायची.

दर नवरात्राला महेबूबचे वडील येऊन त्यावर चुना मारायचे. दिवाळीच्या फराळाला डाग पुन्हा हजर. गिरिजाबाई नवी नवरी होत्या तेव्हा त्यांना त्या डागाची लाज वाटायची. पाहुणा आला की त्या पुढं सरकून बसायच्या, डाग झाकायला. लिंबाजी म्हणायचे, "झाकू नगं. घरधनी कुठं बसतो ते लोकास्नी कळूं दे."

मग छोटी गाडी बंद झाली. रूळ उखडले, मोठी लाइन आली, स्टेशन नवं झालं. मोठी गाडी सुरू झाली तेव्हा लिंबाजी टोपली घेऊन हौसेनं गेले होते. भरलेली टोपली घेऊन परत आले. "गिरजे," ते म्हणाले, "तिच्या खिडक्या लई वर हायत. कुणाचा हात खालीच येत न्हाय." पुन्हा दोन-चार दिवस जाऊन बघितलं. गाडी थांबायची ती निघण्यापुरतीच. नंतर गेले नाहीत. लोक म्हणाले, ढोकी रस्त्याला गाडा टाका, तुळजापूरला जत्रेत बसा, तिथं माणूस मावत नाही. ते मान डोलवायचे. पण तळलेली भजी घेऊन माणसाची वाट बघत बसणं त्यांना जमेना. त्यांना गाडीपाशी जायची सवय होती, गिऱ्हाइकानं आपल्यापाशी यायची नव्हती. मग ते भिंतीशी बसले. संध्याकाळचं तासभराचं बसणं दिवसभराचं झालं आणि एका दिवसाचं कितीतरी वर्षांचं.

गिरिजाबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायला लागल्या. महारुद्र तेव्हा धाराशिवला कॉलेजात होता. त्यानं ते सोडलं आणि दुकानात पोती उचलायला लागला. संध्याकाळी रानातून आल्या की गिरिजाबाईंच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. "आवो, टेकून टेकून भिंत पाडताय का आता?" लिंबाजी डोळे मिटूनच म्हणायचे, "म्या टेकलोय म्हनून तर हुबी हाय ती." एखाद्या दिवशी त्यांना त्यावर हसू यायचं. एखाद्या दिवशी त्या विळा आपटून आत जायच्या.

असे ते बसले आणि बसल्या जागीच एका दुपारी गेले. गिरिजाबाईंनी चहा पुढं ठेवला, हाक मारली. ओ आली नाही.

*

मागच्या वर्षी महारुद्रानं रोलर फिरवला तेव्हा डाग दिसेनासा झाला होता. गिरिजाबाईंना वाटलं होतं, झालं, गेला. लिंबाजी होते तेव्हा डाग परत यायचा, कारण ते पुन्हा तिथंच टेकायचे. आता टेकणारं कुणी नव्हतं. मग थंडीच्या दिवसांत एका सकाळी त्यांना बदामी रंगावर पिवळसर सावली दिसली. आधी ओल वाटली. बोट लावून बघितलं तर ओल नव्हती. हळूहळू मध्ये दाट होत गेलं. भिंत इतकी वर्षं जे प्यायली होती, ते तिनं आपणहून वर आणलं होतं.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून त्या सकाळचा चहा बाहेरच्या खोलीत, त्या भिंतीसमोर बसून घ्यायला लागल्या. घरात कुणी नसलं की बोलायच्याही. "औंदा पाऊस रुसलाय." "नातीचं ठरंल असं दिसतंय." उत्तराची सवय त्यांना लिंबाजी होते तेव्हाही नव्हती.

दीपमालानं ते बघितलं असावं. एके दिवशी डागावर कॅलेंडर आलं. दुसऱ्या दिवशी गिरिजाबाईंनी ते काढून दाराजवळच्या खिळ्याला लावलं. दोन दिवसांनी कॅलेंडर परत डागावर. पुन्हा खिळ्यावर. सासू-सून दोघी एका ताटात भाजी निवडायच्या, हसायच्या, बोलायच्या, आणि कॅलेंडर आपलं या भिंतीवरून त्या भिंतीवर जायचं. त्याबद्दल एक शब्द कुणी काढला नाही. पुढं कॅलेंडरच्या पाठीलाच तेल उतरलं आणि दीपमालानं तो नाद सोडला.

*

महेबूब चौथ्या भिंतीकडं वळला तेव्हा दुपार झाली होती. डागापाशी त्यानं खरवडणी हलक्या हातानं चालवली. बदामी सुटला, डाग होता. पिस्ता सुटला, डाग होता. गुलाबीवर, निळीवर, प्रत्येक थरावर तो तिथंच, त्याच आकाराचा. शेवटी गिलावा लागला. गिलावाही तिथं काळा पडला होता, तेल मुरलेल्या पाटासारखा.

"पार पोटात शिरलंय, मावशी," महेबूबनं खरवडणी खाली ठेवली. "ह्याच्यावर नुसता प्रायमर टिकत न्हाय. चपडी लावावी लागती."

"चपडी म्हंजी?"

"लाख असती ना, सुतार पॉलिशला वापरतेत ती. स्पिरिटमधी विरघळवायची अन् दोन हात द्यायचे. काचंसारखी बसती. मग तेल आतल्या आत, रंग वरच्या वर. एकमेकांचं तोंड बघायचं न्हाय."

"मग पुन्ना कदीच दिसनार न्हाय?"

"घर हाय तवर न्हाय."

गिरिजाबाई उंबऱ्यावरून उठल्या. आत डोकावून बघितलं. दीपमाला मागच्या अंगणात गोधड्या वाळत घालत होती. त्या महेबूबजवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "महेबूब, एवढी जागा सोड. बाकी समदं तुझं तू कर. हितं ती चपडी लावू नगं. वरून रंग मार नुसता. दसऱ्याला पाव्हणे येत्याल तवर चांगलं दिसंल. मग पुढचं पुढं."

महेबूब खाली बसला. रुमाल सोडून त्यानं तोंड पुसलं.

"मावशी, जागा सोडली तर तिथं रंग पिऊन जाईल. बाकीची भिंत चकाकंल अन् तेवढंच मुर्दाड दिसंल. अन् रंगपंचमीच्या आत काका वर येत्याल."

"येऊं दे की."

"रुद्रदादानं मला बजावलंय. पुन्ना वर आलं तर म्हणतील, महेबूबला काम येत न्हाय."

"म्या सांगंल त्याला. म्या म्हनंल, म्याच सांगितलं व्हतं."

महेबूबनं डागाकडं बघितलं. त्याच्याही ओळखीचं डोकं होतं ते. लहानपणी चुन्याची बादली खाली ठेवल्यावर लिंबाजीकाका त्याच्या हातात गरम भजं ठेवायचे, फुंकर मारून. त्यानं खरवडणीवरचा चुना बोटानं पुसला.

"माझ्या हातून चोरून काही करून घेऊ नका, मावशी," शेवटी तो म्हणाला. "तुम्ही मायलेकरं आज बोलून घ्या. तुम्ही दोघं म्हणाल तसं उद्या करतो. तवर मी भिंती घासून धुऊन ठेवतो. तशाही सुकायला पायजेतच."

*

संध्याकाळी महारुद्र आला. बाहेरच्या खोलीत उघड्या पडलेल्या ओल्या भिंती आणि चुन्याचा वास. तो नेहमीसारखा सरळ आत गेला, चुलीपुढं पाट घेऊन बसला. दीपमालानं ताट वाढलं. गिरिजाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"रुद्रा, एक बोलायचं व्हतं."

"बोल."

"त्या भिंतीला चपडी लावू नगं म्हनावं महेबूबला. तेवढी जागा ऱ्हाऊं दे."

महारुद्रानं तुकडा मोडता मोडता हात थांबवला. "ऱ्हाऊं दे म्हंजी?"

"अण्णांची हाय ती."

"आई, त्यो तेलाचा डाग हाय."

"व्हय. तेलाचाच हाय. त्यांच्या डोक्याच्या तेलाचा. दुसरं काय ऱ्हायलंय त्यांचं? टोपली तू भंगारवाल्याला दिलीस. धोतरं दीपमालानं पुसायला घेतली. म्या काय म्हनलं का?"

"आत्या, ती धोतरं तुम्हीच दिली होती," दीपमाला हळूच म्हणाली.

"दिली आसंल. तवा डाग व्हता म्हनून दिली."

महारुद्रानं ताट पुढं सारलं. तो रागावणारा माणूस नव्हता. दुकानात गिऱ्हाईक अंगावर आलं तरी आवाज न चढवणारा म्हणून त्याची ख्याती होती. आताही त्याचा आवाज चढला नाही.

"पाव्हणे कुठं बसत्याल, आई? त्याच भिंतीला. रंग नवा अन् मधी ते वंगण. कुणी इचारलं, हे काय, तर म्या काय सांगू? माझा बाप हितं बसला? का बसला म्हनतील. कवापसून बसला म्हनतील. म्या कॉलेजातून घरी आलो तवा बसला व्हता. म्या पोती उचलून पाठ धरून आलो तवा बसला व्हता. तू रानातनं चिखलाच्या पायानं आलीस तवा बसला व्हता. तुला त्या डागात अण्णा दिसत्यात. मला त्यांचं बसनंच दिसतं, दुसरं काय दिसत न्हाय."

"मानूस बसतो, रुद्रा, कवा कवा. उठायचं बळच ऱ्हात न्हाय."

"म्या कुठं म्हनलं, बळ असून बसले? म्या काय त्यास्नी कदी बोललो का?"

ते खरं होतं. तो कधीच बोलला नव्हता. चांगलंही नाही, वाईटही नाही.

महारुद्र तांब्यातलं घोटभर पाणी प्यायला. मग म्हणाला, "तुला ठेवायचाय का? ठेव. म्या सांगतो महेबूबभाईला. पाव्हण्यांचं बघून घेऊ, सतरंजी दुसरीकडं टाकू." आणि त्यानं ताट परत जवळ ओढलं.

गिरिजाबाईंना हायसं वाटायला हवं होतं. त्या तिथंच उभ्या राहिल्या. महारुद्र जेवत होता, बाहेरच्या खोलीकडं पाठ करून, पाट अगदी चुलीकडं सरकवून. तिथं आच लागते, घाम येतो, पंखा पोचत नाही. बाहेरच्या खोलीत पंखा होता, टीव्ही होता, दारातून वारा यायचा. तरी हा इथं. आणि आजच नाही. गिरिजाबाई मागं मागं आठवत गेल्या. लग्न झालं तेव्हाही हा इथंच जेवायचा. नात पोटावर खेळायची तेव्हाही इथंच. तापानं फणफणला होता तेव्हा त्यांनी बाहेर अंथरूण टाकलं, तर हा ते गुंडाळून आत घेऊन आला होता. अण्णांना बाहेरच्या खोलीत निजवलं होतं शेवटचं, तेव्हा सगळं गाव भोवती बसलं आणि हा दाराच्या चौकटीला, आता त्या उभ्या होत्या तिथंच, उभा राहिला होता.

इतकी वर्षं आपण एकाची पाठ भिंतीला टेकलेली बघत राहिलो, त्यांच्या मनात आलं, आणि दुसऱ्याची पाठ आपल्याला दिसलीच नाही.

"भाकरी घे अजून," त्या म्हणाल्या.

"नगं. झालं माझं."

*

सकाळी महेबूब आला तेव्हा महारुद्र दुकानाला निघून गेला होता. जाताना त्यानं निरोप ठेवला होता, आई म्हणेल तसं करा. महेबूबनं भिंतींना तळहात लावून बघितला. वाळल्या होत्या.

"काय ठरलं, मावशी?"

"लाव," गिरिजाबाई म्हणाल्या.

"काय?"

"चपडी लाव. दोन हात दे म्हनालास न्हवं? तीन दे."

महेबूबनं त्यांच्याकडं बघितलं. पिशवीतून बाटली काढली. लाख रात्रीच विरघळवून आणली होती त्यानं. झाकण उघडल्याबरोबर स्पिरिटचा वास डोळ्यांना झोंबला. दीपमाला दारात आली, सासूकडं बघितलं आणि त्यांच्याजवळ येऊन बसली.

पहिला हात लागला आणि डाग गेला नाही. उलट तो उठून आला. ओली चपडी मधासारखी चमकत होती आणि तिच्याखाली ते सगळं स्पष्ट झालं. डोक्याच्या मागचा गोल, मानेकडं निमुळता होत गेलेला भाग, उजवीकडं थोडं जास्त, कारण लिंबाजी उजवीकडं मान कलती करून बसायचे, स्टेशनाच्या बाजूला. ताज्या तेल लावलेल्या केसांसारखं ते ओलं ओलं दिसत होतं. कितीतरी वर्षांत इतकं जवळून, इतकं नीट त्यांनी ते डोकं बघितलं नव्हतं.

"जरा थांब," त्या म्हणाल्या.

महेबूबचा ब्रश हवेतच थांबला. सगळे तसेच बसून राहिले. बाहेर कुठंतरी गोधडी बडवल्याचा आवाज येत होता. चपडी बघता बघता सुकत गेली. चमक विझली, वरती कडक पातळ कवच धरलं.

"हं. लाव आता."

दुसरा हात झाला, तिसरा झाला. मग महेबूबनं प्रायमर कालवला. पहिला हात पातळ घेतला. बाकीच्या भिंतीवर तो लावल्या लावल्या आत जिरत होता, भिंत त्याला ओढून घेत होती. चपडीवर मात्र तो वरच राहिला, पांढरा, दाट, पाण्यावर तेल राहतं तसा. दोन-तीन फटकाऱ्यांत झालं ते सगळं. गिरिजाबाईंनी पदरानं डोळे पुसले. दीपमाला म्हणाली, "आत्या, वास लई उग्र हाय. आत चला." त्या उठून आत गेल्या.

पुढं खाचाखळग्यांत लांबी भरली, घासली, पुन्हा प्रायमर, मग रंग. दुधावरच्या सायीसारखा रंग महारुद्रानं निवडला होता. भिंत अशी झाली की तिच्यावर दारातल्या उजेडाचं प्रतिबिंब पडायला लागलं. घट बसले. नंदादीप लागला. दर वर्षी घटाच्या कोपऱ्यात दिव्याच्या काजळीची जीभ उठायची आणि पुढच्या नवरात्रापर्यंत राहायची. यंदा दीपमाला रोज सकाळी फडक्यानं पुसायची आणि भिंत पुन्हा कोरी व्हायची. तिला त्याचं कोण कौतुक. शेजारणींना बोलावून दाखवायची, "बघा, काय बी लागू द्या, पुसलं की गेलं."

दसऱ्यानंतर पाहुणे आले. सतरंजी त्याच भिंतीला टाकली होती. गिरिजाबाई आतल्या दारातून बघत होत्या. महारुद्र पाहुण्यांना बसा बसा म्हणाला, पोह्याच्या बशा पुढं केल्या आणि बोलता बोलता स्वतः भिंतीशी बसला. बरोबर तिथंच. त्याला जागा आठवली की नाही कोण जाणे. पाहुण्यांतला एक म्हातारा म्हणाला, "येडशी म्हंजी छोट्या गाडीचं स्टेशन. तिथं भजी लई फस क्लास मिळायची एके काळी."

गिरिजाबाईंचा हात दाराच्या चौकटीवर गेला.

"आमचे अण्णाच विकायचे," महारुद्र म्हणाला. आणि सहज, अगदी सहज, त्यानं डोकं मागं टेकलं. उजवीकडं थोडी मान कलती करून.

*

पाहुणे गेले. पसंती कळवतो म्हणाले. महारुद्र त्यांना स्टँडवर सोडायला गेला. दीपमालानं बशा उचलल्या, सतरंजी झटकली आणि ओलं फडकं घेऊन भिंतीपाशी आली. तिथं एक अंधूक तेलकट गोल उमटला होता. तिनं एकदा फडकं फिरवलं. भिंत होती तशी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरिजाबाईंनी डोकं धुतलं, खोबरेल लावलं. घरात सामसूम होती. त्या बाहेरच्या खोलीत आल्या. लग्न होऊन आल्यापासून या भिंतीला त्या कधी टेकल्या नव्हत्या. ती घरधन्याची जागा, त्यांची जागा समोर किंवा उंबऱ्यावर. त्या सावकाश खाली बसल्या, सरकत सरकत मागं गेल्या आणि डोकं टेकलं. लिंबाजींपेक्षा त्या ठेंगण्या. त्यांचं डोकं वीतभर खालीच टेकलं. भिंत थंड होती, गुळगुळीत, ताटाच्या बुडासारखी. जुन्या भिंतीला पाठ लावली की ती जरा धरून ठेवायची, हिच्यावरून लुगडं घसरत होतं. त्यांनी मान उजवीकडं कलती केली. स्टेशनावरून मोठी गाडी न थांबता धडधडत गेली.

डोळा लागला असावा. दीपमालाच्या हाकेनं जाग आली.

"आत्या, अशा खाली काय बसलाय? कंबर धरंल."

त्या उठल्या. मागं वळून बघितलं. भिंतीवर त्यांच्या डोक्याचा गोल होता, ओला, लहानसा.

दीपमाला हातातलं फडकं घेऊन वाकली. तिच्या मनात काही नव्हतं. ती रोजच पुसायची तसं तिनं पुसलं.